एक पूर्णांक सात

आमच्या घरात शिक्षणाची एक उतरंड होती आणि ती मोठेबाबांनी रचली होती. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत आमच्या शेजारच्याच घरात राहणारे आणि सगळ्या गावाचे गुरुजी. उतरंडीत सगळ्यात वर डॉक्टर. त्याखाली इंजिनीअर. त्याखाली सरकारी मास्तर. हे मडकं त्यांचं स्वतःचं असल्यामुळे जागेपेक्षा जरा मोठंच होतं. मग बँकवाले, मग उरलेसुरले ग्रॅज्युएट आणि अगदी तळाला, जमिनीला टेकलेलं आयटीआय. शेतीचा यात समावेश नव्हता. शेती घरात असतेच, तिला शिकावं लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही. गावातल्या प्रत्येक पोरापोरीला त्यांनी या उतरंडीत कुठे ना कुठे बसवलं होतं आणि एकदा बसवलेलं माणूस ते हलवत नसत.

मी त्यांची लाडकी. दहावीत मला नव्वदच्या वर टक्के पडले, तेव्हा त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन चौकात माझा फ्लेक्स लावला. फोटोत मी दोन वेण्या घालून, कोणीतरी नुकतीच थापड मारल्यासारखी उभी होते. खाली 'हार्दिक अभिनंदन' आणि त्याखाली माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात मोठेबाबांचं नाव. दिवाळीच्या सुमारास तो फ्लेक्स चौकातून आमच्या शेतात गेला आणि कापलेल्या धानाच्या ढिगावर झाकण म्हणून पसरला गेला. पुढची कित्येक वर्षं माझं तोंड कुठे ना कुठे पाणी अडवायच्या कामी येत राहिलं. खरं सांगायचं तर माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो सगळ्यात ठोस उपयोग.

कारण पुढे मी एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, सेट पास झाले आणि एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर तुम्ही मॅडम, नाही घेतला तर तुम्ही कोणीच नाही. उन्हाळा आला की मी कोणीच नसायची. आमच्या प्रयोगशाळेत थेंब मोजून सोडायचे काचेचे ब्युरेट होते, पण त्यांच्या तोट्या गेलेल्या होत्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे, त्यांना समोसे आणि चहा दिला जायचा, ते पंख्याखाली बसून सह्या करायचे आणि झाडून सगळ्या पोरांना तीसपैकी अठ्ठावीस पडायचे. दोन मार्क कायले कापले, असं मी एकदा एका परीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "खरं वाटलं पाहिजे ना मॅडम."

आता ज्याच्यामुळे ही उतरंड हलली त्याच्याविषयी. तो नवेगाव बांधकडचा. अकरावी-बारावीत गोंदियातल्या एकाच शिकवणीत आम्ही होतो. शंभर पोरं, एक माईक आणि घाम. तिथे एकदा सर फळाभर गणितं सोडवून झाल्यावर हा उठून म्हणाला, "सर, पण मोल म्हणजे नेमकं काय?" सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. मग घरी येऊन पाहिलं तर मोल म्हणजे नेमकं काय ते मलाही सांगता येईना, गणितं मात्र सगळी बरोबर येत होती. तेव्हापासून तो मला आवडायला लागला. न समजलेलं मोठ्याने सांगणारा माणूस आमच्याकडे मी त्याआधी पाहिलाच नव्हता.

त्याने रीतीप्रमाणे इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, रीतीप्रमाणे दुसऱ्या वर्षात विषय राहिले आणि मग रीत सोडून तो नागपुरात जर्मन शिकायला लागला. तिथून जर्मनीला गेला तो शिकाऊ कामगार म्हणून. तिकडे हे शिक्षणच असतं. तीन वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली काम करायचं, मधूनमधून शाळेत जायचं, शिकतानाच पगार घ्यायचा आणि शेवटी कारागिरांच्या संघटनेची परीक्षा द्यायची. त्याने ती दिली. त्या सगळ्या वर्षांत आम्ही फोनवर बोलत होतो आणि लग्न करायचं आमच्यापुरतं ठरलेलं होतं. जात एकच निघाली हा शुद्ध योगायोग, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती. राहता राहिलं घरच्यांना पटवणं. त्यासाठी त्याच्या मावशीला पुढे करून आम्ही आमचंच लग्न स्थळ म्हणून आणवलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात पाहुण्यांच्या घरी बसून सोयरिकी जुळवणं. त्या वर्षी तो सुट्टीवर आला होता. मंडईच्या दुपारी त्याला आमच्या ओसरीत खुर्चीवर बसवलं. समोर मोठेबाबा, बाजूला बाबा आणि फुफाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फुफाजींचं गोंदियाच्या बाजारात दुकान असल्यामुळे ते हिंदीतच विचार करतात आणि हिंदीतच चिवडा खातात. मी पडद्यामागे होते. मला तो हवा होता, आणि पुढच्या अर्ध्या तासात तो मिळणार की नाही ते ठरणार होतं.

"शिक्षन?" मोठेबाबांनी सुरुवात केली.

त्याने समजावून सांगितलं. तीन वर्षं, शाळा, काम, परीक्षा.

"हो, पन कायचं?"

"छताचं, गुरुजी. घरावर छत घालतो. कवेलू, स्लेट, पत्रा, सगळं."

आतून आई हळूच म्हणाली, "जर्मनीत कवेलू रायतेत?"

"म्हंजे तू," मोठेबाबा एकेक शब्द तोलत म्हणाले, "कवेलू फेराले जर्मनीले गेला? आपल्या इथं का वानरं कमी होते?"

कवेलू फेरणं म्हणजे पावसाळ्याआधी घरावरची वानरांनी फोडलेली कौलं काढून नवी बसवणं. आमच्याकडे ते काम करणाऱ्याला कोणी शिकवत नाही. तो एक दिवस घरावर चढतो आणि मग चढतच राहतो. त्यासाठी विमानाने जावं लागतं हे ओसरीत कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. पण मोठेबाबा मुख्याध्यापक होते. निकाल पाहिल्याशिवाय ते मत देत नसत.

"टक्के किती?"

"टक्के नसतेत तिकडे. ग्रेड रायते."

"बरं, किती?"

"एक पूर्णांक सात," तो म्हणाला, आणि चक्क छाती फुगवून म्हणाला.

मी पडद्यामागे कपाळावर हात मारला. हे आधी सांगायचं राहूनच गेलं होतं.

"दहापैकी?" बाबांनी घाबरत विचारलं.

"नाही, एक ते सहा असते."

मोठेबाबांनी डोळे मिटून तोंडी हिशेब केला. "अठ्ठावीस टक्के. पस्तीसलेई पोचला नाई बाप्पा."

"तसं नाही गुरुजी. तिकडे एक म्हणजे सगळ्यात चांगला. चारपर्यंत पास, पुढं नापास. जेवढा कमी तेवढा चांगला."

"मार्क?"

"हो."

"कमी तेवढा चांगला?"

"हो."

फुफाजींनी चिवड्याची बशी खाली ठेवली. "भई, हमारे टाइम में ऐसा होता ना, तो मैं जिले में फर्स्ट आता।"

ओसरी हसली. तोही हसला, हे त्याचं चुकलं. मोठेबाबा हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी पोरांना वर चढवलं होतं, पस्तीसवरून साठवर, साठवरून ऐंशीवर. आणि आता हा पोरगा सांगत होता, की एका अख्ख्या देशात शिडी उलटी लावलेली आहे. त्यांना तो खोटं बोलतोय असंच वाटलं. त्याची पारख करायचा एकच मार्ग त्यांना सुचला. त्यांच्या गोठ्यावर चार दिवसांपूर्वीच वानरं नाचून गेली होती.

"चाल," ते उठत म्हणाले. "चढून दाखव."

सगळी ओसरी गोठ्यापाशी गेली. मंडईला निघालेले चार लोकही थांबले. शिडी लावली. तो खाली उभा राहून वर बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "दोर कुठं बांधायचा?"

"कायले?"

"मी पडलो तर."

"पडशील काऊन?"

"आम्हाला पहिलं वर्षभर न पडायलाच शिकवतेत, गुरुजी."

"एक साल?" फुफाजी म्हणाले. "अरे, गिरने में तो एक सेकंद भी नहीं लगता।"

शेवटी बैलाचा दोर कमरेला बांधून घेऊन तो चढला. खाली दोराचं दुसरं टोक धरून माझे बाबा उभे होते, होऊ घातलेला जावई पतंगासारखा धरून. तिकडच्या छताखाली एकसारख्या कापलेल्या लाकडी पट्ट्या असतात, तो पाय त्यांच्या अंदाजाने ठेवायला गेला. आमच्याकडे बांबू, आणि तोही वाळवी खाऊन उरलेला. पहिल्याच पावलाला कडकड आवाज झाला. दुसऱ्यालाही झाला. वानरांनी फोडली होती त्यापेक्षा जास्त कवेलू त्याने दोन मिनिटांत फोडले. मग तो थांबला, खाली वाकला, एक कवेलू उचलून आत डोकावला आणि वरच बसून खदाखदा हसायला लागला.

"का झालं?" बाबा ओरडले.

"खाली हार्दिक अभिनंदन आहे," तो हसू आवरत म्हणाला.

माझा फ्लेक्स. गळती थांबवायला मोठेबाबांनी तो कवेलूंखाली घातला होता. दोन वेण्यांची मी इतकी वर्षं त्यांच्या बैलांवरचा पाऊस झेलत पडले होते आणि मला पत्ताच नव्हता. मला हसू आलं आणि त्याच वेळी असं वाटलं, की आता हा माणूस मला मिळाला नाही तर मी कोणालाच कधी माफ करणार नाही.

मोठेबाबा पुस्तकी मराठीत बोलायला लागले की समजायचं निकाल लागला. ओसरीत परत आल्यावर ते म्हणाले, "सदर शिक्षण आपल्याकडील कोणत्या पदवीशी समकक्ष आहे, ते आम्हांस दाखवावे. तोपर्यंत हा विषय स्थगित." पाहुणे चहा पिऊन उठले. जाताना तो पडद्याकडे पाहून खांदे उडवून गेला. त्याची सुट्टी संपायला फार दिवस उरले नव्हते.

मग मी समकक्ष शोधायला लागले. आमच्याकडच्या एका कार्यालयात ओळखीची मैत्रीण होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "जर्मनीचा कवेलूवाला? बाई, याचं आपल्याकडं कोष्टकच नाही." आयटीआयवाले म्हणाले आमचं नाही, पदवीवाले म्हणाले आमचं तर नाहीच नाही. त्याचं शिक्षण बस चुकलेल्या माणसासारखं दोन्ही गावांच्या मधे उभं होतं. तिकडे ज्याच्या हाती घराचं छत बिनधास्त सोपवतात, तो इकडे बारावी पास.

शोधता शोधता एका संध्याकाळी निव्वळ खोडी म्हणून मी उलटं पाहिलं. माझं काय? परदेशी पदव्यांसाठी त्यांची सरकारी माहिती असते, तीत मी माझी पदवी शोधली. एम.एस्सी. मान्य होतं, त्यांना विद्यापीठ माहीत होतं, मला जरा कौतुकच वाटलं. मग बी.एड.वर आले. तिकडे शाळेत शिकवायचं तर दोन विषय हवेत, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली बराच काळ वर्ग घ्यायचे, त्यानंतर पुन्हा परीक्षा, आणि हे सगळं त्यांच्या भाषेत. आमचं बी.एड. म्हणजे थर्माकोलची शैक्षणिक साधनं आणि वर्गात न घेता वहीत लिहून ठेवलेले पाठ. मी ते सगळं वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांनी काही वाईट लिहिलेलं नव्हतं. उलट सभ्यपणे लिहिलं होतं, की आपल्याला आणखी बरंच काही लागेल.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून धान राखत बसले होते, एका हातात पेपर, दुसऱ्या हातात कोंबड्या हाकलायची काठी.

"सापडलं का समकक्ष?"

"नाही. कशातच बसत नाही ते."

"मी का म्हनलो होतो." त्यांनी समाधानाने पेपर उलटला.

"पण दुसरं एक सापडलं. माझं बी.एड. तिकडं चालत नाही."

पेपर खाली आला. "कोन म्हनते?"

"जर्मनी म्हणते."

"काऊन चालत नाई? फर्स्ट क्लास हाये तुजं! त्यायले का समजते बी.एड.तलं?" ते उठूनच उभे राहिले. काठी हवेत होती, कोंबड्या खुशाल धान खात होत्या. "कवेलूवाला चालते अन मास्तरीन चालत नाई? असा कसा देस हाये? असल्या देसात जाऊच नोको. आमच्या टुरीची किंमत नाई तिथं!"

"मोठेबाबा," मी म्हणाले, "इथं तरी कुठं चालून राहिलं?"

मी ते हसत म्हणायला गेले होते. हसू मधेच कुठेतरी राहिलं.

मला माहीत होतं त्यांना काय आठवलं. कायम जागा भरायची होती तेव्हा ते माझ्यासोबत एका संस्थाचालकाच्या घरी आले होते. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. तो संस्थाचालक त्यांचाच विद्यार्थी, चौथीत त्याला त्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याने आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. बसवून ठेवलं. मग आतून एक माणूस आला आणि अशा ठिकाणी विचारतात तसं त्याने विचारलं, किती देणार. मोठेबाबा उठले, माझं मनगट धरलं आणि गाडीपर्यंत धरूनच ठेवलं. त्या बाकाबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही, मीही नाही. त्यांच्या उतरंडीत मी इतकी वर होते, आणि इतक्या वर चढूनही मला बाहेरच बसवतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी एका कोंबडीला उगाचच काठी मारली. ती लागली नाही.

"त्या टुऱ्याले बलाव," ते म्हणाले. "ते उलटे मार्क मले पुन्हा समजावून सांगू दे."

तो आला. मोठेबाबांनी त्याला समोर बसवून अर्धा तास विचारलं. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, चार कोणाला, सहा कोणाला. सगळं पटलं, फक्त एका गोष्टीवर ते अडले.

"अन शून्य?"

"शून्य नसतेच तिकडे."

"शून्यच नाई?" ते खरोखर अस्वस्थ झाले. आपल्या नोकरीत त्यांनी भरपूर शून्यं वाटली होती. पूर्ण शून्य न देता एखादा देश चालतो कसा, हे त्यांना आजही समजलेलं नाही.

साक्षगंध, म्हणजे आमचा साखरपुडा, झालं, लग्न त्याच्या पुढच्या सुट्टीत ठरलं आणि मग पत्रिकेचा प्रश्न आला. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नावाखाली कंसात शिक्षण छापावंच लागतं. कंस रिकामा असला तर लोक वधूवरांकडे न पाहता कंसाकडेच पाहतात. माझ्या कंसात एम.एस्सी., बी.एड., सेट इतकं दाटीवाटीने बसलं की छापखानेवाल्याने अक्षर बारीक केलं. त्याच्या कंसात काय? फुफाजींनी 'बी.ई. अपूर्ण' सुचवलं आणि आत्याने त्यांना चहा करायला पाठवलं. बाबांनी 'छत तज्ज्ञ' म्हणून पाहिलं. शेवटी मोठेबाबांनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला. त्याच्या नावाखाली छापलं गेलं: (जर्मनी).

बस, एवढंच. देशच पदवी झाला. पत्रिका वाचून सगळ्यांनी मान डोलावली, कोणाला काही शंका आली नाही. लग्नात जेवताना एका पाहुण्यांनी तेवढं मला विचारलं, की हा जर्मनी किती वर्षांचा कोर्स असतो.

नंतरची गोष्ट लवकर सांगते, कारण लग्नानंतर तो जर्मनीला परत गेल्यावर बरेच दिवस मी फक्त जर्मन क्रियापदं पाठ करत होते. तिकडे रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करायचं तर त्यांची स्वतःची कारागिरीची शिक्षणपद्धत आहे, तशीच, उस्तादाच्या हाताखाली, शाळा आणि काम. मी अर्ज केला. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, की पदव्युत्तर शिक्षण असताना तुम्हाला पुन्हा शिकाऊ का व्हायचंय? मी म्हणाले, मी खूप वर्षं तोट्या नसलेल्या ब्युरेटनी शिकवलंय, एकदा तोटी असलेला वापरून पाहायचाय. त्यांनी मला घेतलं. त्या दिवशी मी इतकी आनंदले की स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पण मोठेबाबांना कसं सांगायचं? ज्यांनी मला उतरंडीच्या वरच्या मडक्यात बसवलं होतं, त्यांना सांगायचं की मी स्वतःहून तळाशी चाललेय. दिवसचे दिवस टाळलं. शेवटी जर्मनीला निघायच्या दिवशी गोंदियाच्या स्टेशनावर, गाडी लागल्यावर, सामान आत ठेवून झाल्यावर, खिडकीतून सांगितलं. आई रडत होती, बाबा पाण्याची बाटली तिसऱ्यांदा भरून आणायला गेले होते. मोठेबाबा पांढऱ्या शर्टात खिडकीला धरून उभे होते.

"म्हंजे आयटीआय," ते म्हणाले.

"हो, मोठेबाबा."

"पुन्हा पयल्यापासून?"

"हो."

ते प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे पाहत राहिले. सिग्नल झाला होता. मला वाटलं आता पुस्तकी मराठी सुरू होणार.

"जावयाचे एक पूर्णांक सात ना?"

"हो."

गाडी हलली. ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि आयुष्यभर पोरांचे मार्क वाढवत आलेला तो माणूस सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा हेडमास्तरी आवाजात मला म्हणाला, "त्याच्याहून कमी आनजो!"